घरच्या रेकॉर्डिंगसाठी ऑडिओ इंटरफेस: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

"नवा इंटरफेस घेतलाय, पण आवाज एकाच कानात येतो." "मागून सतत घूं वाजतं." "गाताना स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येतो." "रेकॉर्डिंग पुन्हा वाजवलं तर पट्टीच बदललेली!" ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारी डबी, घेतलेल्या गाणाऱ्या मित्रमंडळींकडून या तक्रारी माझ्याकडे सारख्या येतात. बहुतेकांनी तोवर नवा माइक मागवलेला असतो, किंवा इंटरफेस परत पाठवायची तयारी केलेली असते. मी घरी जाऊन बघतो तेव्हा वस्तू धडधाकट असते. चुकलेला असतो तो जोडणीचा आणि तपासणीचा क्रम.

आवाजाचा रस्ता ठरलेला आहे. गळा, खोली, माइक, केबल, इंटरफेस, ड्रायव्हर (संगणकाला इंटरफेसशी बोलता यावं म्हणून लागणारा प्रोग्रॅम), सॉफ्टवेअर आणि शेवटी हेडफोन. मांडणी याच क्रमाने करायची आणि एक टप्पा तपासल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. सगळं एकदम जोडून मग बिघाड शोधायला बसलात, तर आठ ठिकाणी शोधावं लागतं.

इथे उदाहरण म्हणून दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस धरला आहे. फोकसराइट स्कार्लेट २आय२, बेहरिंगर यूएमसी२०२एचडी, ऑडियंट ईव्हो ४, मोटू एम२ हे सगळे याच जातीचे. सोबत एक कंडेन्सर माइक (बाहेरून वीज लागणारा), विंडोजचा लॅपटॉप, मागून बंद असलेले तारेचे हेडफोन आणि आवाज भरायचं रीपर हे सॉफ्टवेअर. रीपर ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं, म्हणून शिकायला बरं पडतं. मॅकवर जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

१. आधी खोली आणि वीज

खोकं उघडण्याआधी जिथे गाणार त्या जागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून खणखण ऐकू आली तर माइकही ती पकडणार आणि ती नंतर काढता येत नाही. फ्लॅटमधल्या टाइल्स, काचा आणि मोकळ्या भिंती हे त्याचं कारण. जमिनीवर सतरंजी किंवा गादी टाका, गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर जाड गोधड्या टांगा, कपड्यांच्या कपाटाची दारं उघडी ठेवा. पाठीमागे एवढ्यासाठी की माइकचं तोंड गाणाऱ्याकडे असतं, त्यामुळे त्याच्या मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज माइकमध्ये थेट शिरतो. बाजारातले पातळ फोमचे तुकडे वरच्या पट्टीतली थोडी खणखण कमी करतात, खर्जातल्या घुमण्यावर त्यांचा परिणाम होत नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी फोमवर पैसे घालवू नका.

आता वीज. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा पुरवठा असतो आणि रेकॉर्डिंगमधला 'घूं' बहुतेकदा त्या ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या पटीचा असतो. तीन पिनांचा, खरोखर अर्थिंग असलेला सॉकेट निवडा. लॅपटॉपचा चार्जर आणि अॅक्टिव्ह (स्वतःची वीज लागणारे) स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा. वेगवेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटांतून वीज घेतली की दोन अर्थिंगमधल्या फरकातून घूं जन्माला येतो.

पंखा बंद करा. वाऱ्याची घरघर हे एक कारण. दुसरं म्हणजे गोल फिरवून हळूहळू वेग बदलणारे काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या तारांतून चरचर सोडतात. प्रकाश कमी-जास्त करणारे डिमरही तसेच. मोबाइल विमान मोडवर टाका. तानपुऱ्याचं अॅप त्या मोडवरही चालतं.

इशारा: घूं जावा म्हणून प्लगची अर्थ पिन कधीही तोडू नका, तिच्यावर टेपही लावू नका. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

२. आधी ड्रायव्हर, मग इंटरफेस

विंडोजवर फसगत होते ती याच पायरीला. विंडोज १० मध्ये २०१७ पासून यूएसबी ऑडिओ क्लास २ साठी (यूएसबीवरच्या ऑडिओ उपकरणांची सामाईक पद्धत) विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर आहे. त्यामुळे बरेचसे इंटरफेस नुसते खुपसले तरी आवाज येतो, आणि आवाज आला की माणसाला वाटतं काम झालं. पण गाण्यासाठी लागणारा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज कमीत कमी उशिराने नेणारा, इंटरफेसच्या कंपनीकडूनच घ्यावा लागतो. त्याच्याशिवाय आवाज उशिरा येतो, मग सुरुवातीपासूनच गाणं आणि साथ यांचं जमत नाही.

म्हणून आधी कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा आणि पिढीचा ड्रायव्हर उतरवा. पिढी उपकरणाच्या खालच्या बाजूला किंवा खोक्यावर बघा, कारण एकाच नावाच्या दोन पिढ्यांचे ड्रायव्हर वेगळे असू शकतात. ड्रायव्हर बसवा, लॅपटॉप पुन्हा सुरू करा आणि मगच इंटरफेस जोडा. कंपनीच्या सूचनापत्रात वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा.

एएसआयओ४ऑल नावाचा एक मोफत पर्याय लोक एकमेकांना सुचवतात. तो विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. ज्या उपकरणाला स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर नाही, तिथे तो कामाला येतो. तुमच्या इंटरफेसला असेल तर तोच वापरा. दोन्ही बसवून ठेवले की सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा निवडला जातो आणि तासभर डोकं खाजवावं लागतं.

मॅकवर यातले बहुतेक इंटरफेस ड्रायव्हरशिवाय चालतात. तिथे अडचण वेगळीच असते. सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडल्यावर मायक्रोफोन वापरायची परवानगी विचारली जाते, घाईत 'नको' दाबलं जातं, आणि मग रेकॉर्डिंग चालू दिसतं पण फाइल कोरी निघते. सिस्टिम सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी विभागात जाऊन ती परवानगी द्या.

यूएसबी केबल शक्यतो इंटरफेससोबत आलेलीच वापरा. मोबाइलच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून दिवा लागतो पण माहिती जात नाही. मधे साधा यूएसबी हब नको, थेट लॅपटॉपला लावा. टॉवरवाला संगणक असेल तर मागच्या पोर्टला.

तपासा: ड्रायव्हरसोबत आलेल्या कंट्रोल पॅनेलमध्ये इंटरफेसचं नाव दिसतंय का? नसेल तर पुढे जाऊ नका. केबल बदला, पोर्ट बदला, ड्रायव्हर पुन्हा बसवा.

३. माइक, केबल आणि ४८ व्होल्ट

गेनची, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा हे ठरवणारी, दोन्ही बटणं शून्यावर. हेडफोनचं बटण शून्यावर. स्पीकर बंद. मगच माइकची एक्सएलआर (तीन पिनांची) केबल इनपुट १ मध्ये लावा. त्यानंतर ४८ व्होल्टचं, म्हणजे केबलमधून माइकला वीज देणाऱ्या फँटम पॉवरचं बटण दाबा आणि पाच-दहा सेकंद थांबा. काढताना उलट: गेन खाली, फँटम बंद, थोडं थांबा, मग केबल काढा. फँटम चालू असताना केबल काढली-घातली की जो 'ठप्प' आवाज होतो, तो हेडफोन घातलेल्या कानाला फार लागतो आणि उपकरणालाही बरा नाही.

कंडेन्सर माइकला फँटम हवंच, त्याशिवाय तो मुका. कार्यक्रमात हातात धरतो तसल्या डायनॅमिक माइकला ते लागत नाही. केबल चांगली असेल तर चालू राहिल्याने त्याचं बिघडतही नाही. रिबन माइक असेल तर मात्र फँटम बंदच ठेवा. लक्षात घ्या, बऱ्याच स्वस्त इंटरफेसवर ४८ व्होल्टचं एकच बटण असतं आणि ते दोन्ही एक्सएलआर इनपुटांना वीज देतं.

इनपुटच्या भोकात एक्सएलआर आणि पाव इंची जॅक दोन्ही बसतात. जॅक लावणार असाल तर शेजारचं 'इन्स्ट' बटण बघा. इलेक्ट्रिक गिटार किंवा पिकअप असलेली गिटार थेट लावायची असेल तरच ते चालू. कीबोर्ड, इलेक्ट्रॉनिक तानपुरा, मोबाइल यांच्यासाठी बंद, म्हणजे लाइनवर.

मोबाइलवरून तानपुरा घ्यायचा तर एक चूक हमखास होते. लोक दोन्ही टोकांना स्टिरिओ जॅक असलेली केबल आणतात, एक टोक मोबाइलला आणि दुसरं इंटरफेसच्या एका इनपुटला लावतात. मग तानपुरा अगदी बारीक, पोकळ येतो किंवा येतच नाही. याचं कारण असं की इंटरफेसचं इनपुट त्या जॅकवरच्या दोन तारांमधला फरक मोजतं. मोबाइल डाव्या आणि उजव्या तारेवर जवळजवळ तोच आवाज पाठवतो. तोच आवाज वजा तोच आवाज, उरलं शून्य. एका टोकाला स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो जॅक असलेली केबल घ्या. दोन्ही इनपुट मोकळे नसतील तर त्यातला एकच मोनो जॅक लावा.

खरं तर तानपुरा मोबाइलवरून घेऊच नये असं मला वाटतं. अॅपमधून किंवा मशिनवरून पाच-दहा मिनिटांची फाइल एकदा तयार करा, सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या ट्रॅकवर ठेवा आणि तीच ऐकत गा. गाणं झाल्यावर तानपुरा कमी-जास्त करता येतो आणि इनपुटही मोकळं राहतं.

४. सॉफ्टवेअरमध्ये इंटरफेस निवडा, सॅम्पल रेट एकच ठेवा

रीपरमध्ये ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस इथे जा. ऑडिओ सिस्टिम म्हणून एएसआयओ आणि ड्रायव्हर म्हणून तुमच्या इंटरफेसचं नाव निवडा. तिथे अजून लॅपटॉपच्या आतल्या साउंड कार्डचं नाव असेल तर तुम्ही हजारोंच्या माइकसमोर गाल आणि रेकॉर्डिंग होईल लॅपटॉपच्या टाचणीएवढ्या माइकवर. ऐकायला सोपी वाटते, पण ही चूक मी जाणत्या लोकांच्या घरी पाहिली आहे.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचं किती वेळा मोजमाप होतं तो आकडा, ४८,००० ठेवा. गाणं पुढे व्हिडिओला जोडायचं असतं, आणि व्हिडिओची रीत ४८,००० ची आहे. फक्त सीडीसाठी करत असाल तर ४४,१००. ९६,००० च्या मागे लागू नका. फायली दुप्पट होतात, लॅपटॉपवर ताण येतो आणि घरच्या खोलीतल्या गाण्यात ऐकू येण्याजोगा फरक पडत नाही. बिट डेप्थ, म्हणजे प्रत्येक मोजमापाचा बारकावा, २४.

कोणता आकडा निवडला यापेक्षा तो सगळीकडे एकच आहे ना, हे महत्त्वाचं. तीन ठिकाणी बघा: इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, रीपरच्या प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये आणि विंडोजच्या साउंड सेटिंग्जमध्ये. ४४,१०० वर भरलेला आवाज ४८,००० च्या वेगाने वाजला तर तो सुमारे दीड अर्धस्वर चढतो. काळी एकमध्ये लावलेला सा पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी जाऊन पडतो, आणि लयही तेवढीच चढते. पेटी त्याच्याशी मग कुठल्याच पट्टीत जुळत नाही. गाणारा बिचारा स्वतःच्या कानावर शंका घेत बसतो.

रेकॉर्डिंग करताना ब्राउझर आणि मीटिंगची सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा. ती गुपचूप इंटरफेस ताब्यात घेतात आणि सॅम्पल रेट बदलू शकतात.

नवा ट्रॅक घ्या आणि त्याचं इनपुट 'मोनो, इनपुट १' ठेवा. 'स्टिरिओ, इनपुट १ आणि २' राहिलं की एकच माइक असल्यामुळे आवाज फक्त डाव्या कानात येतो. वर सांगितलेली पहिली तक्रार ती हीच.

तपासा: ट्रॅकवरचं लाल बटण दाबा, गेन थोडा वर करा आणि माइकच्या जाळीवर नखाने हळूच खरवडा. मग लॅपटॉपच्या कीबोर्डजवळ खरवडा. मीटर कशाला जास्त हलतं ते बघा. माइकलाच हलायला हवं.

५. माइक कुठे ठेवायचा

गेनच्या आधी जागा. जागा बदलली की गेन पुन्हा लावावा लागतो, म्हणून हा क्रम उलटू नका.

गाणाऱ्याच्या तोंडापासून माइक १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे अंगठा आणि करंगळी ताणून होणारी वीत. मधे पॉप फिल्टर, म्हणजे तोंडातून येणारे हवेचे झोत अडवणारी जाळी. माइक तोंडाच्या नेमक्या समोर न धरता नाकाच्या उंचीवर आणि थोडा बाजूला ठेवून ओठांकडे वळवा. आपल्या भाषेत भ, फ, ध, ठ यांचे झोत जोरदार असतात. 'भाव', 'फुले', 'भेटी' असे शब्द म्हणून बघा. मीटर प्रत्येक शब्दाला उडी मारत असेल तर माइक आणखी बाजूला घ्या. बऱ्याच कंडेन्सर माइकना मागची-पुढची बाजू असते आणि गाणं टोकात नव्हे, बाजूच्या तोंडात म्हणायचं असतं. ज्या बाजूला कंपनीचं चिन्ह किंवा हृदयाच्या आकाराची खूण असते, सहसा तीच पुढची.

पेटी वेगळी घ्यायची असेल तर माइक स्वरपट्ट्यांच्या वर ३० ते ४५ सेंटिमीटरवर, भात्यापासून लांब ठेवा. भात्याजवळ गेलात की हवेची फसफस आणि झडपांची खटखट येते. तबल्याला एकच माइक असेल तर तबला आणि डग्गा यांच्या मधोमध, हात आपटणार नाही एवढा वर.

गाणारा स्वतः पेटी वाजवतो आणि समोर तबला आहे, अशी आपल्या घरची नेहमीची बैठक असेल तर इनपुट १ गाण्याला आणि इनपुट २ तबल्याला द्या. कार्डिऑइड माइक पाठीमागचं कमी ऐकतो. म्हणून गाण्याच्या माइकची पाठ तबल्याकडे आणि तबल्याच्या माइकची पाठ गाणाऱ्याकडे करा. दोन माइकांमधलं अंतर, माइक आणि त्याचा आवाज यांच्यातल्या अंतराच्या किमान तिप्पट असावं. त्याहून जवळ आणले तर तोच तबला दोन माइकांत थोडा पुढे-मागे पोचतो आणि डग्ग्याचं घुमारदार अंग हरवतं. तसं वाटलं तर एका ट्रॅकचं फेज (ध्वनिलहरीची दिशा) उलटवायचं बटण दाबून बघा. ज्या स्थितीत डग्गा भरीव वाजतो ती ठेवा.

६. गेन: इथे वेळ द्या

सहा-सात वर्षांपूर्वी मी माझ्या मावशीच्या जात्यावरच्या ओव्या भरल्या. ती बोलत होती तेव्हा मी गेन लावला, मीटर छान हिरवं होतं. पहिल्या काही ओव्या नीट आल्या. मग तिचा गळा उघडला, माहेरच्या ओव्या आल्या, आवाज चढला, आणि तिथून पुढचं सगळं फाटलं. मी समोर बसून तिच्याकडे बघत होतो, लॅपटॉपकडे माझं लक्ष नव्हतं. तशी ती पुन्हा गायली नाही, आता तिला गाता येत नाही. फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही, कारण शून्य डेसिबलच्या, म्हणजे मीटरच्या कमाल मर्यादेच्या, वरचं जे काही होतं ते नोंदलंच गेलेलं नसतं. त्यामुळे ही पायरी मी कुणालाही घाईत करू देत नाही.

गेन बोलण्यावर लावायचा नाही, आलापीवर लावायचा नाही, पहिल्या कडव्यावरही नाही. त्या बैठकीत सगळ्यात मोठा आवाज जिथे येणार, तिथे लावायचा. ख्याल असेल तर द्रुतातली तार सप्तकातली तान. अभंग असेल तर शेवटचा गजर, टाळांसकट. तबल्यासाठी शेवटची तिहाई. गाणाऱ्याला तेवढाच तुकडा पूर्ण ताकदीने अर्धा मिनिट म्हणायला सांगा आणि बटण शून्यापासून हळूहळू वर न्या. सर्वांत उंच टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास आलं की थांबा.

उणे १२ का, शून्याच्या जवळ का नाही? चाचणीत माणूस जपून गातो. खरं गाणं रंगलं की तो सहज तीन ते सहा डेसिबलने वर जातो, ती जागा मोकळी हवी. आणि २४ बिटमध्ये आवाज हळू भरल्याने काही हरवत नाही, नंतर वाढवता येतो. 'मीटर पिवळं-लाल झालं म्हणजे दमदार रेकॉर्डिंग' ही टेपच्या जमान्यातली समजूत आता टाकून द्यायला हवी.

सॉफ्टवेअरमधल्या फेडरचा (वर-खाली सरकवायच्या आवाजाच्या पट्टीचा) भरल्या जाणाऱ्या आवाजाशी संबंध नाही. इंटरफेसवर लाल दिवा लागला म्हणून लोक फेडर खाली ओढतात, मीटर शांत दिसतं आणि आत फाइल मात्र फाटलेलीच भरत राहते. भरण्याची पातळी फक्त इंटरफेसवरच्या गेनच्या बटणाने आणि माइकच्या अंतराने ठरते. हेडफोनचं बटणही तुमच्या कानापुरतं आहे, रेकॉर्डिंगला ते लागू होत नाही.

नव्या इंटरफेसमध्ये आपोआप गेन लावायची सोय असते. ती वापरा, पण ती ऐकत असते तेवढी सेकंदं सगळ्यात मोठा तुकडाच म्हणा. ती ऐकत असताना 'हॅलो, चेक' म्हटलंत तर ती त्या 'हॅलो'साठी गेन लावेल.

तपासा: सगळे गप्प बसा आणि तीस सेकंद नुसती शांतता भरा. मीटर उणे ६० च्या खाली राहिलं तर उत्तम. त्याच्या वर असेल तर हेडफोनमध्ये ऐका. फ्रिज, पंखा, रस्ता, की घूं?

घूं असेल तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घूं गेला तर दोष चार्जरचा किंवा घरच्या अर्थिंगचा. दोन पिनांच्या चार्जरमुळे हे फार होतं, इंटरफेसच्या धातूला बोट लावलं की आवाज बदलतो ही त्याची खूण. तात्पुरता उपाय म्हणजे बॅटरीवर रेकॉर्ड करा. कायमचा उपाय म्हणजे इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटचं अर्थिंग मोजून घ्या. बॅटरीवरही घूं राहिला तर माइकची केबल बदलून बघा आणि ती विजेच्या तारांना समांतर न नेता काटकोनात ओलांडून न्या.

७. ऐकण्याची सोय आणि बफर

आता हेडफोन घाला. ब्लूटूथचे नकोत. त्यांत आवाज सहज १०० मिलिसेकंदांहून जास्त उशिरा पोचतो आणि त्याच्यावर ताल धरताच येत नाही. स्पीकर बंदच राहू द्या, नाहीतर तानपुरा आणि तबला माइकमध्ये पुन्हा शिरतील.

स्वतःचा आवाज दोन रस्त्यांनी ऐकता येतो. एक, इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर बटण. यात आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो, उशीर जवळपास नाही. दुसरा, सॉफ्टवेअरमधून फिरून. दोन्ही चालू राहिले तर तुम्ही स्वतःला दोनदा ऐकता, आवाज पोकळ नळीतून आल्यासारखा होतो आणि सूर लावणं अवघड जातं. साध्या गाण्यासाठी डायरेक्ट मॉनिटर चालू करा आणि रीपरच्या ट्रॅकवरचं मॉनिटरिंग बंद. कानात थोडा रिव्हर्ब (घुमारा) घेऊन गायचं असेल तरच उलट करा.

उलट केलंत तर बफर कामाचा, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाची किती मोजमापं जमवून पुढे पाठवतो तो आकडा. ४८,००० वर १२८ चा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, ५१२ म्हणजे १०.७, १०२४ म्हणजे २१.३. ही एका बाजूची वेळ. जाऊन-येऊन दुपटीहून थोडी जास्त धरा. हवेतून आवाज १० मिलिसेकंदांत साधारण साडेतीन मीटर जातो. म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या तबलजीच्या साथीने आपण गातो, तेवढा उशीर कानाला चालतो. गाताना १२८ किंवा २५६ ठेवा. कडकड, टकटक आवाज येऊ लागले तर एक पायरी वर जा. नंतर मिक्सिंग करताना १०२४. डायरेक्ट मॉनिटरवर ऐकत असाल तर गातानाही ५१२ ठेवा आणि निश्चिंत राहा.

कडकड थांबतच नसेल तर लॅपटॉप चार्जिंगवर असताना स्लीप बंद करा, पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' करा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा आणि रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद करा.

एका कानावरचा हेडफोन काढून गायची बऱ्याच गायकांना सवय असते, सुरात राहायला ती मदतही करते. तो रिकामा भाग गालाशी किंवा डोक्याशी दाबून ठेवायला सांगा. मोकळा सोडला की त्यातला तानपुरा माइकमध्ये गळतो.

८. चाचणीचा टेक, वगळू नका

एक मिनिटाचं खरं गाणं भरा. मग थांबा आणि सगळ्यांनी मिळून ऐका, आधी हेडफोनवर आणि मग स्पीकरवर. कुठे लाल दिवा लागला होता का, भ-फ चे ठोके आलेत का, तानपुऱ्याशी सूर बरोबर आहे का, आवाज दोन्ही कानांत मधोमध आहे का.

गाणं एकदा भरून त्यावर नंतर पेटी किंवा दुसरा आवाज चढवणार असाल तर आणखी एक चाचणी लागते. रीपरचा मेट्रोनोम एका ट्रॅकवर फाइल म्हणून काढा, तो हेडफोनमध्ये वाजवा आणि हेडफोनचा एक कान माइकला टेकवून दुसऱ्या ट्रॅकवर भरा. दोन्ही ट्रॅक मोठे करून बघा. टिकटिक एकाखाली एक आली पाहिजे. दुसरी सतत तेवढीच मागे असेल तर प्रेफरन्सेस, ऑडिओ, रेकॉर्डिंग इथे ड्रायव्हरने सांगितलेली लेटन्सी (उशीर) वापरायचा पर्याय चालू आहे का ते बघा. तरीही फरक उरला तर तिथेच तो हाताने भरता येतो. हे केलं नाही तर प्रत्येक नवा थर थोडा मागे पडत जातो आणि दोष तबलजीच्या माथी येतो.

इशारा: चाचणी झाल्यावर गेनचं बटण, माइकचा स्टँड आणि गाणाऱ्याची बैठक हलवू नका. जमिनीवर चिकटपट्टीने खुणा करा. दुपारच्या जेवणानंतर पुन्हा बसायचं असेल तर मोबाइलवर बटणांचा फोटो काढून ठेवा.

९. खरा टेक, आणि नंतर

प्रोजेक्ट आधी नाव देऊन सेव्ह करा, मग लाल बटण. उलट केलं तर फायली भलत्या फोल्डरमध्ये जातात आणि नंतर हुडकत बसावं लागतं. सुरुवातीला दहा सेकंद शांतता भरा, पुढे आवाज स्वच्छ करायला तीच उपयोगी पडते. ४८,००० आणि २४ बिटवर एका मोनो ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी लागतात. दोन ट्रॅकांना तासाला एक जीबीच्या थोडं वर. डिस्कवर त्याच्या चौपट जागा मोकळी ठेवून बसा.

मधे काही चुकलं, कुकरची शिट्टी झाली, दारावरची बेल वाजली, तरी रेकॉर्डिंग थांबवू नका. गाणाऱ्याला दोन ओळी मागे जाऊन पुढे गायला सांगा. कापून जोडणं सोपं असतं, मोडलेली तंद्री परत आणणं अवघड.

संपल्यावर सेव्ह करा आणि कुणी उठण्याआधी पूर्ण प्रोजेक्ट फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा. फक्त रीपरची प्रोजेक्ट फाइल नेऊ नका, तिच्यात आवाज नसतो. आवाज शेजारच्या वेव्ह फायलींमध्ये असतो. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून त्यातली एक वेव्ह फाइल मधूनच वाजवून बघा. वाजली तरच प्रत झाली असं समजा.

मग आवरायला घ्या. स्पीकर चालू केले असतील तर ते सगळ्यात आधी बंद. गेन आणि हेडफोन शून्यावर. फँटम बंद, अर्धा मिनिट थांबा. आता माइकची केबल काढा, मग यूएसबी. दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईच्या पावसाळ्यात, कंडेन्सर माइक स्टँडवर उघडा सोडू नका. सिलिका जेलची पुडी टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि पुडीतल्या खड्यांचा रंग बदलला की ती बदला.